जुनेरावरचं मडकं

आमच्या शहापूरच्या मुलींच्या शाळेत चौथीला एक पोर होती. लिहिण्यात पहिली, गणितात पहिली, आणि तोंडानं मात्र मुकी. मुकी म्हणजे खरोखरची नव्हे. विचारलं तर मान हलवायची, फार झालं तर 'व्हय' म्हणायची. मी तेव्हा नवी मास्तरीण, बेळगावातून रोज चालत यायची, आणि राग कायम नाकावर. त्यात मला बडबडीची खोड. न बोलणारं माणूस समोर आलं की माझं डोकंच फिरायचं.

इंग्रज अमदानीचे दिवस. वर्षाच्या शेवटी परीक्षा घ्यायला शाळाखात्याचे दिपोटी साहेब यायचे, आणि तोंडी परीक्षेत जी बोलली नाही ती नापास. या पोरीचा बाप विणकर. त्यानं शाळेच्या दारात मला सरळ सांगितलं होतं, यंदा पास झाली तर पुढं शिकवीन, नाहीतर घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला हात हवेतच. वाईट माणूस नव्हता तो, घर त्याला चालवायचं होतं. पण मला ती पोर शाळेत हवी होती. लई हवी होती.

म्हटलं, खेळात घालू, म्हणजे बोलेल. खो-खो सुरू केला. पळायला झकास, पण खो देताना बसलेल्या मुलीच्या पाठीवर नुसती थाप. तोंडातून 'खो' नाहीच. आणि खो ऐकल्याशिवाय उठायचं नाही हा तर नियम. बसलेली बसूनच, ही मागं उभी राहून पुन्हा थाप मारतेय, आणि पळणारी तिकडं चिंचेखाली कमरेवर हात ठेवून हसतेय. डाव गेला. मुली म्हणाल्या, हिला घेऊ नका बाई. मीही तापले, जीभ काय घरी ठेवून येतेस का म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी पोर शाळेलाच आली नाही.

संध्याकाळी तणतणतच तिच्या घरी गेले. गल्ली अरुंद, दोन्ही अंगांनी मागांची खटखट. दारात उभी राहून हाका मारल्या, कुणाला ऐकू जाईल तर शपथ. आत बाप खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला, आई रहाटावर कांड्या भरतेय, आणि मधे माझी मुकी पोर. बापानं लाकडावर टकटक केलं की ही भरलेली कांडी त्याच्या हातात देणार. हिनं आईच्या खांद्यावर बोट टेकलं की आई रहाट थांबवून तुटलेला धागा सांधणार. त्या गोंगाटात बोलून उपयोगच नव्हता, म्हणून कुणी बोलतच नव्हतं. माझा राग तिथंच उतरला. मिळून काम करणं हिला कुणी शिकवायला नको होतं. हिचं बोलणं सगळं हातात होतं, एवढंच.

मग आधी हात अडकवले पाहिजेत, असं परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात आलं.

मी तिला समजावून शाळेत आणली, आणि घरचं एक जुनेर, वापरून विरलेलं लुगडं, नेलं. आठ मुलींनी ते चहूबाजूंनी ताणून धरायचं, मधे पाण्यानं भरलेलं मडकं ठेवायचं, आणि चिंचेला वळसा घालून परत यायचं. जुनेर दोन्ही हातांनी धरायचं. हात सुटला की डाव बाद. पहिलं मडकं निघताच फुटलं. सगळ्या एकदम ओरडत होत्या, ऐकत कुणीच नव्हती. परकर भिजले, हसून हसून लोळल्या. थोरल्या बाईंनी मला बोलावून विचारलं, ही शाळा आहे की कुंभारवाडा. मी ऐकून घेतलं आणि मडकी आणत राहिले.

असेच काही दिवस गेले. एकदा चिंचेपाशी वळताना मडकं कलायला लागलं. पोर कापडातच वाढलेली, कुठली बाजू सैल पडली हे तिच्या हाताला आधी कळायचं. शेजारणीला थाप मारायला तिची बोटं सुटायला आली, आणि पुन्हा घट्ट झाली. ओठ हलले. 

"ताण गं," ती म्हणाली. "तुझी बाजू ढिली पडलीया."

शेजारणीनं ताणलं, मडकं सरळ झालं. बाकीच्यांचा आरडाओरडा थांबला. मग ही सांगत गेली, हळू, थांबा, आता वळा. आवाज बारीक, पण आठीजणी त्या आवाजावर चालल्या. पाणी सांडलं नाही. मी तिला पोटाशी धरलं आणि मास्तरीण असून भरल्या मैदानात रडले.

त्यानंतर खो-खोतही तिचा 'खो' ऐकू यायला लागला. आधी पुटपुटल्यासारखा, मग चांगला खणखणीत. ज्या मुली तिला नको म्हणत होत्या, त्याच तिला आपल्या गटात ओढायला लागल्या.

मग परीक्षेचा दिवस आला. दिपोटी साहेबांनी तिला विचारलं, तुमच्या गावचा धंदा कोणता, कसा चालतो, सांग. उत्तराची वाट बघत साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी मनातल्या मनात सगळे देव पाण्यात घातले. तेवढ्यात तिनं परकराच्या दोन्ही बाजू मुठींत धरल्या, जुनेर ताणावं तशा ताणल्या, आणि बोलायला लागली. सूत, रंग, माग, साडी, बाजार. साहेबांनी हात वर केला तेव्हाच थांबली.

निकाल सांगायला मी स्वतः तिला घेऊन तिच्या घरी गेले. माग चालूच होता. उजेड आहे तोवर तो कधी थांबत नसे. पोर बापासमोर जाऊन उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली. खटखटीत ते बुडून गेलं. बापानं तिच्या हलत्या ओठांकडं पाहिलं, सवयीनं कांडीसाठी हात पुढं केला, मग तो हात मागं घेतला आणि माग थांबवला.

"काय म्हणालीस, बाळ?" तो म्हणाला. "पुन्हा सांग. मी ऐकतोय."

ती पास झाल्याचं सांगून थांबली नाही. साहेबांपुढं जे बोलली होती, ते सगळं पहिल्यापासून सांगायला लागली. आई रहाट सोडून जवळ आली. उजेड अजून चांगला होता, पण बापानं मागाच्या धोट्याला हात लावला नाही.