लाल चिठ्ठीची तपासणी

आमच्या इराला वाचतं करायचं काम माझ्याकडे आलं आणि तीन आठवड्यांत मी तिचं बोलणंच बंद करून दाखवलं.

इरा माझी नात, वय वर्षं पाच. मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस. समोर आलेला माल पास करायचा की परत पाठवायचा, एवढंच मला येतं. (जेवतानाही तेच करता, असं बायको म्हणते.) गोत्रीच्या घरात, गुजराती शेजारात, आम्ही सगळे एकत्र राहतो. सूनबाई मुग्धा कामावर निघताना म्हणाली, "बाबा, शाळेने सांगितलंय, इंग्रजी अक्षरांची नावं नकोत, आवाज शिकवा. मॅट म्हटलं की म्, ॲ, ट्. गप्पा मारता मारता, खेळासारखं."

'खेळासारखं' मी तिथल्या तिथे रिजेक्ट केलं!

दुसऱ्याच दिवशी कारखान्यात असायच्या तशा दोरा ओवलेल्या चिठ्ठ्या तयार केल्या. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्त करून पुन्हा आणा, लाल म्हणजे बाद. इराने वस्तूचं इंग्रजी नाव घ्यायचं, त्यातले आवाज सुटे करायचे आणि मी त्या वस्तूला चिठ्ठी बांधायची. पहिल्या दिवशी कप पास झाला तेव्हा ती टाळ्या वाजवत नाचली. तिथेच थांबलो असतो तर किती बरं झालं असतं.

पण तपासणीवाला थांबतो कुठे! आठवड्याभरात फ्रिज, पंख्याचं बटण, माझा चष्मा, सगळ्यांना चिठ्ठ्या लटकल्या. बिस्किट हवं तर आधी बिस्किटाचे आवाज. एक चुकला की लाल चिठ्ठी आणि बिस्किट परत डब्यात!

"अहो, खाऊन तरी होऊ द्या तिचं!" माझी बायको, सुलभा.

"माल पास झाल्याशिवाय गेटबाहेर जात नाही!" मी.

मग इरा नुसती बोट दाखवायला लागली. बिस्किटाकडे बोट, पाण्याकडे बोट. शाळेतून आली की चप्पलसुद्धा न काढता ती मला व्हॅनमधल्या बातम्या सांगायची, कोणाची बाटली सांडली, कोणाची कोणाशी कट्टी झाली. त्याही बंद. मी विचारलं की मान हलवून आत.

"हिला ऐकू कमी येतंय," मी जाहीर केलं. "कान तपासून घ्या!"

"शेजारी कोकिलाबेनकडे तर तिच्या तोंडाचा पट्टा चालू असतो," सुलभा म्हणाली.

"ते गुजरातीत! इंग्रजीचा कान वेगळा असतो!"

(हे मी खरंच बोललो. साक्षीदार आहेत.)

मुग्धाने रजा टाकली आणि आम्ही सगळे कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यंत्रं लावून पाहिलं. दोन्ही कान उत्तम! मग त्यांनी इराला जवळ घेऊन विचारलं, घरी का बोलत नाहीस? "बेटा, घरे केम बोलती नथी?"

इराने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि धाडकन सांगून टाकलं, "बोलुं तो दादा लाल चिठ्ठी बांधे छे!" (गुजरातीत मी दादा.) मागोमाग बिस्किटाच्या डब्याची अख्खी तक्रार.

डॉक्टर पोट धरून हसले. मुग्धा हसली नाही. "बाबा, दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता," एवढंच म्हणाली. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

घरी येऊन सगळ्या चिठ्ठ्या सोडवल्या आणि खोक्यात भरल्या. फार चुकलं होतं माझं. दुसऱ्या दिवशी झोपाळ्यावर डोळा लागला होता, जाग आली तर शर्टाच्या बटणाला लाल चिठ्ठी! बांधणारी आत पळाली होती.

मी ती काढली नाही. तीच मिरवत भाजी आणली. हे काय म्हणून कोकिलाबेननी चिठ्ठीकडे बोट केलं, "भाई, आ शुं?" म्हटलं, "रिजेक्ट छुं." रोज व्हॅनच्या वेळेला चिठ्ठीसकट झोपाळ्यावर बसायचो, काही न विचारता.

आठव्या दिवशी इरा चप्पल न काढता समोर येऊन उभी राहिली. "आजोबा, आज व्हॅनमध्ये काय झालं माहितीये?"

एका मुलाचा डबा सांडला होता आणि ढोकळे सीटखाली गेले होते. मी एकही आवाज सुटा करायला लावला नाही. गोष्ट संपल्यावर तिने मला नीट न्याहाळलं, लाल चिठ्ठी सोडली, खोक्यातून पिवळी आणली आणि बटणाला बांधली.

तीस वर्षांत हजारो पार्टना मी पिवळी चिठ्ठी बांधली. ती मिळाल्यावर डोळ्यांत पाणी आलेला पार्ट मात्र हा पहिलाच!