बियाण्याच्या लेबलात किती अक्षरं मावतात?

"मॅडम, ह्या फोटोत किती माल मावल तेवढं सांगा," बालाजीराव म्हणाले आणि बियाण्याच्या पोत्याचं एक लेबल माझ्या टेबलावर ठेवलं.

बालाजीरावांची लातूरला सोयाबीन बियाण्याची छोटी कंपनी आहे. मी नांदेडला फोटोंवर काम करणारी सॉफ्टवेअर बनवते. पोत्याच्या तोंडाशी शिवलेल्या त्या तळहाताएवढ्या लेबलावर त्यांच्या वडिलांचा, म्हणजे कै. बाबांचा फोटो होता. गेल्या हंगामात कुणीतरी तेच लेबल हुबेहूब छापलं, खालचा लॉट नंबर, म्हणजे त्या खेपेचा क्रमांक, तेवढा बदलला आणि मुखेडच्या बाजारात बोगस बियाणं विकलं. ते उगवलंच नाही.

"लोक बाबांच्या फोटोकडं बोट दाखवून शिव्या घालायलेत. आणखी एक हंगाम असा गेला की कंपनीला कुलूप," ते म्हणाले. मला वाईट वाटलं. माणूस सरळ होता.

त्यांना फोटोत छुपा मजकूर हवा होता. याला स्टेगनोग्राफी म्हणतात. नाव दाताखाली खड्यासारखं, काम तसं सोपं. फोटो म्हणजे रंगीत ठिपके, पिक्सेल. प्रत्येक ठिपक्याचा रंग तीन आकड्यांत लिहिलेला असतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. त्यातला आकडा एकानं बदलला तर डोळ्याला पत्ता लागत नाही. मजकूर त्या बदलात लिहायचा. असे आठ आकडे खर्च केले की एक इंग्रजी अक्षर मावतं. बाबांचा फोटो बारा लाख ठिपक्यांचा. तिनानं गुणलं, आठानं भागलं.

"साडेचार लाख अक्षरं."

बालाजीराव खुशीत आले. "मग लॉट नंबर टाका, डीलरचं नाव टाका, उगवणशक्तीचा रिपोर्ट टाका. बाबांचं चरित्र बी टाका!"

"थांबा. हे कॉम्प्युटरमधल्या फोटोचं झालं. तुम्ही तो छापणार."

छापताना एवढासा बदल शाईत बुडून जातो. म्हणून बदल ठळक करावा लागतो, आणि एका ठिपक्याऐवजी ठिपक्यांचा गठ्ठा वापरावा लागतो. त्यात लेबल मळणार, चुरगळणार, हमालाच्या लोखंडी हुकानं फाटणार. म्हणजे तीच अक्षरं फोटोभर पुन्हा पुन्हा लिहायची. एक जागा गेली तर दुसरी वाचता यावी. मी नव्यानं हिशेब केला. बारा अक्षरं.

"साडेचार लाखाची बारा? मॅडम, इतकी घट आडतीवर बी धरत न्हाईत!"

पण तीही मावेनात. नमुना छापून आणला तर बाबांना कांजिण्या उठल्यासारखं दिसत होतं. बदल सौम्य केला तर मोबाइलच्या कॅमेऱ्याला लपलेली अक्षरं वाचता येईनात. मी फोटो मोठा करून पाहिला आणि कपाळावर हात मारला. गाल गुळगुळीत, पटका पांढराफेक, मागं एकरंगी निळं आभाळ. सपाट रंगात काही लपत नाही. धुतलेल्या धोतरावर चहाचा थेंब पडला तरी दिसतो, तसं.

"हा मूळचा फोटो आहे?"

"न्हाई," बालाजीराव जरा ओशाळले. "स्टुडिओवाल्यानं गोरं केलंय. सुरकुत्या काढल्यात, दाढीची खुटं काढलीत."

"मूळचा द्या."

"तो खळ्यावरचा हाय. पोत्यावर बरा दिसल का?"

तरी मी लातूरला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या आईनं कपाटातून फोटो काढून दिला. उन्हानं बारीक झालेले डोळे, रापलेला चेहरा, मिशीत अडकलेला भुसा, मागं शेंगांचा ढीग. मला तर तो फोटो बघताक्षणी आवडला.

"हेच टाक," आई मुलाला म्हणाल्या. "लेबलवरला कोण पुढारी हाय, मला वळखूच येत न्हाई."

"लोक हसतील, आई."

"शिव्या खाण्यापरीस हसलेलं बरं!"

पुढं वाद झाला नाही. सुरकुत्या, दाढीची खुटं, पटक्याच्या घड्या, शेंगा, सगळीकडं लपायला जागा. आठ अक्षरं आरामात बसली, आणि लॉट नंबरही नेमका आठ अक्षरांचा होता. चरित्र राहिलं.

युक्ती एवढीच होती. एकाच नंबरची फार पोती दिसली तर संशय येतो, म्हणून नक्कल करणारा छापलेला नंबर बदलणार, पण चेहऱ्यातला जुना नंबर त्याला दिसणारच नाही. दोन्ही जुळले नाहीत की माल बोगस. डीलरांच्या मोबाइलवर तपासायचं ॲप दिलं.

पेरणीच्या तोंडावर मुखेडच्या डीलरचा बालाजीरावांना फोन आला. एक शेतकरी बाजारात गाडीवरून घेतलेलं पोतं दाखवायला आला होता. "मालक, लेबलावर एक नंबर हाय, मोबाइल दुसराच दाखवायलाय!" कृषी खात्याच्या लोकांनी ती गाडी मालासकट पकडली. बियाणं मातीत जायच्या आधीच. त्या हंगामात बालाजीरावांचा माल बाबांच्या नावावर विकला गेला, आणि मला लातूरला जेवायचं बोलावणं आलं.

वाढता वाढता आईंनी विचारलं, "बाई, त्येंच्या तोंडावर लिवलंस तरी काय?"

"लॉट नंबर."

त्या हसतच सुटल्या. "जलमभर ते तोंड वाचलं मी. राग दिसायचा, भूक दिसायची, लबाडी बी दिसायची. लॉट नंबर तेवढा कधी दिसला न्हाई!"

आता कुणी फोटोत किती मावेल असं विचारलं की मी गुणाकार नंतर करते. आधी टचअप न केलेला फोटो मागते.