समोरची वाक्यं

सोसायटीत सगळे म्हणतात, काकांच्या पाठिंब्यावर ती सिनेमात गेली. हे खरं नाही.

शिरवण्यात आमच्या शेजारी राहणारी ही मुलगी महापेला नोकरी करायची. रविवारी सकाळी मोबाईल आणि स्टँड घेऊन माझ्याकडे यायची. "काका, समोरची वाक्यं वाचा ना!" हल्ली ऑडिशन घरूनच रेकॉर्ड करून पाठवतात. कॅमेऱ्यासमोर ती, मागे मी. कधी तिचा नवरा, कधी इन्स्पेक्टर. नकार आला की केस सोडून पुन्हा घट्ट बांधायची. "चला, पुढचं!"

घरात कमावणारी ती एकटीच. नोकरी सोडून बसली तर आई आणि भावाचं काय, या धास्तीने मी मुद्दाम भलत्याच जागी थांबायचो, मध्येच खोकायचो. ती चिडायची नाही. "टेन्शन नका घेऊ काका, परत घेऊ." पुढे पुढे तर माझा खोकलाही ती प्रसंगात सामावून घ्यायला लागली. इन्स्पेक्टर खोकला की त्याला पाणी द्यायची.

मग एकदा मी तिचा बाप झालो. वाक्य होतं, "जाऊ नकोस, पोरी." ते मात्र मी कागद बाजूला ठेवून म्हटलं. तिचे डोळे भरले. "काका, हाच टेक पाठवते."

त्यावर तिची निवड झाली. काल राजीनामा देऊन ती पेढे घेऊन आली आणि पाया पडली. म्हणाली, "काय ॲक्टिंग केलीत त्या दिवशी, काका!"

मी पेढा तोंडात टाकला.