पौषातली विटांची रास

मामा पंचांग बघून सापांचं वेळापत्रक सांगत. तिथी-मुहूर्ताशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. दसरा झाला की साप बिळात आणि शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की बाहेर, एवढ्यासाठीच ते पंचांग. हैदराबादेतल्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांचेच मामा. बिदरकडचं शेतकरी घराणं, सरकारी नोकरीतून निवृत्त, आणि बोलणं निम्मं मराठी, निम्मं दखनी.

कुणाकडे साप निघाला की आधी मामांना हाक. काठ्या घेऊन जमलेल्यांना ते दारातच अडवत. "नक्को मियां. उंदीर खातंय बिचारं, तुझं काय खाल्लं?" मग बेगम बाजारातून आणलेल्या तागाच्या पोत्यात घालून त्याला तळ्याकाठी सोडून येत.

विटा, लाकडं, झावळ्यांचे ढीग उपसायचं काम सगळी गल्ली पौषासाठी राखून ठेवी. कडाक्याची थंडी पडली की मामा स्वेटर चढवून घरोघरी जात आणि उघड्या हातांनी ढीग मोकळे करत. म्हणत, "आता सगळे गाढ झोपेत. बिनघोर हात घाला."

त्या वर्षी थंडी आलीच नाही. पौषात घरोघर पंखे फिरत होते, आणि संक्रांतीच्या तोंडावर दोन दिवस पाऊस झोडपून गेला. मामा माझ्या अंगणातली विटांची रास काढणार होते. आदल्या दिवशी त्या राशीत काहीतरी काळसर सरकताना मी पाहिलं. सांगायला हवं होतं. पण पुण्याहून नवी आले तेव्हा पाण्याच्या पाइपला साप समजून मी मामांना पळत यायला लावलं होतं, आणि त्यावरून त्यांनी मला महिनाभर चिडवलं होतं. पुन्हा फजिती नको म्हणून गप्प बसले. शिवाय गाडी लावायला जागा हवी होती, तेही खरंच. खोटं कशाला बोलू?

तिसरी वीट उचलताच नागाने मामांचं बोट धरलं. दवाखाना वेळेत गाठला म्हणून जीव वाचला. बोट मात्र कापावं लागलं. भेटायला गेले तेव्हा मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं बेटा," ते म्हणाले. "पौष होता ना."

यंदाही थंडीचा पत्ता नाही. परवा ऐन मार्गशीर्षात शेजारच्या जिन्याखाली साप निघाला. लोक सवयीने मामांच्या दाराशी गेले आणि मारायचा का म्हणून विचारू लागले. मामा म्हणाले, "आता माझा मलाच भरवसा नाही. तुमच्या घरात लेकरं आहेत, तुम्ही बघा." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मी पोचले तोवर काठ्या चालून गेल्या होत्या. धामण होती. विष नसलेली, मामांनीच मला ओळखायला शिकवलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा फाटकाशी उभे होते. "कोण होतं गं ते?" त्यांनी विचारलं.

"नाग होता, मामा," मी म्हटलं.