साडूसाठी कुटलेली सुंठ

साडूची जीभ भाजावी म्हणून केलेलं पानक मी देव्हाऱ्याजवळ झाकून ठेवलं. चूक माझीच.

रामनवमीला आमच्याकडे पानक मी करतो. गुळाचं पाणी, वेलदोडा, लिंबू आणि सुंठ. वर्षातून एकदा स्वयंपाकघरात मिरवायचा माझा दिवस. नैवेद्याआधी चाखायचं नाही, म्हणून सगळा कारभार अंदाजानं. गेल्या वर्षी अंदाज हुकला. नवनगरहून आलेला साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, पहिला घोट घेऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "अण्णा, सुंठ घातलीय का नुसती दाखवलीय?" सासरे हसले. सासूबाई तर ठसका लागेपर्यंत हसल्या. पुढं वर्षभर फोन केला की त्याचं पहिलं वाक्य, "काय अण्णा, हुबळीत सुंठ मिळाली का?"

मिळाली. बाजारातली सगळ्यात जहाल मागून आणली. खलबत्त्यात कुटताना शिंकून शिंकून माझंच नाक लाल झालं. पण प्रत्येक घावाला बत्त्याखाली त्याचं तोंड दिसत होतं, त्यामुळे दमलो नाही. मोठ्या पातेल्यात नेहमीइतकीच घातली. वेगळ्या तांब्यात मूठभर. तो तांब्या त्याचा.

मग दारात जाऊन मी त्याचं स्वागत केलं. इतकं गोड, की त्यालाच संशय यायला हवा होता.

इकडं बायकोला वाटलं, देव्हाऱ्याजवळ झाकलेला तांब्या म्हणजे नैवेद्याचा. तिनं तो देवाला दाखवला आणि आमच्या रीतीप्रमाणं, सगळ्यांना प्रसाद मिळावा म्हणून, पातेल्यात ओतून ढवळला. मी आत आलो तेव्हा तांब्या धुऊन पालथा घातलेला होता आणि साडूच्या हातात पेला.

मी त्याच्या गळ्याकडं बघत राहिलो. तो ठसकला नाही. पेला पुढं करून माझ्या बायकोला म्हणाला, "अक्का, इन्नू स्वल्प! अजून थोडं!" तिसरा पेला संपवून त्यानं मिशा पुसल्या. "आता कसं! मी बोललो म्हणून अण्णा सुधारले बघा."

सासऱ्यांनी पाठ थोपटली. त्याची! वर आणखी, घरी जाताना त्यानं बाटली भरून नेली.

पेले विसळणाऱ्या बायकोला मी दात-ओठ खात सगळं सांगितलं. तिनं मानसुद्धा वळवली नाही.

"अहो, तुमच्याच्यानं कुणाचं वाईटही धड होत नाही."