पंख्यातला कापूस

शेजारच्या काकू शिलाई मशीन दुरुस्त करतात, पण गल्लीत सगळे त्यांना नुसतं काकू म्हणतात. काम करताना त्या माणसांशी बोलत नाहीत, मशीनलाच रागावतात. भाऊजींचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आला, तो दहा मिनिटांत तापून बंद पडायचा. वर्ध्यातल्या दोन दुकानदारांनी न उघडताच सांगितलं, भंगारात टाका.

मग मी तो काकूंपुढे ठेवला. त्यांनी विचारलं, "भाऊजी कुठं कामाले होते?"

"कापसाच्या जिनिंगमध्ये."

"मंग कापूसच असन अंदर!"

त्यांनी स्क्रू काढले आणि पंख्यातून चिमट्याने कापसाची अख्खी वात ओढली. लॅपटॉप संध्याकाळपर्यंत चालला.

"काकू, यावर पहिलं काय लिहू?"

"माह्यं नाव लिव," पदराला हात पुसत त्या म्हणाल्या. "अन् त्याच्यामोरं मिस्त्री लाव. मोठ्या अक्षरात."