जोडलेल्या फाइलमधला आवाज

भूतखेत मी मानत नाही. इथे लोकांनी लिहिलेले अनुभव वाचतानाही मनात वारा, वायरिंग, अर्धवट झोप अशी कारणं शोधत असते... माझ्या स्वतःच्या अनुभवाला मात्र कारण सापडलेलं नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी भोकरदनला एका संस्थेत कॉम्प्युटरवर काम करायचे. इंग्लिश मीडियममुळे माझं मराठी ऐकून ऑफिसात सगळे हसायचे, त्यामुळे मशीनसमोर बरं वाटायचं. संस्थेच्या ताईंनी गावोगावच्या बायकांना एकच प्रश्न विचारून उत्तरं रेकॉर्ड केली होती — दुखलं-खुपलं तर कोणाला सांगता? प्रत्येक गावाचा एक फोल्डर, त्यात एकेका बाईची छोटी ऑडिओ फाइल. मी लिनक्सवर चार ओळींचा लूप लिहिला : फोल्डरमध्ये जा, आतल्या फाइल्स एकामागे एक जोड, गावाच्या नावाने एक फाइल कर, पुढच्या फोल्डरला जा. चहा येईपर्यंत सगळी गावं झाली.

तपासायला आधी जाफराबादकडचं एक गाव लावलं. ते आईच्या बहिणीचं, शांतामावशीचं सासर. मी दुसरीत असताना मावशी पोटाच्या दुखण्याने गेली. मामा, तिचा दादा, नेहमी म्हणायचा, तिने कोणाला सांगितलंच नाही.

दोन बायकांच्या उत्तरांच्या मधे एक बारीक आवाज आला. थेट आईसारखा.

"सांगितलं व्हतं की. दादाला सांगितलं. त्यो म्हनला, पोळा होऊ दे, मंग नेतो दवाखान्यात."

मी फोल्डरमधली एकेक फाइल सुटी ऐकली. तो आवाज कशातच नव्हता. जोडलेल्या फाइलची साइज सगळ्या तुकड्यांच्या बेरजेएवढीच, एक बाइटही जास्त नाही. लूप परत चालवला... नव्या फाइलमध्ये आवाज नाही. पहिलीत मात्र आहे.

ती सीडीवर घेऊन घरी गेले. आईने एकदाच ऐकली. "शांती हाय," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन पिंपळगाव रेणुकाईला मामाकडे गेली. काहीही न सांगता तिने त्याच्याच प्लेअरवर सीडी लावली.

मामाने ऐकलं. कोणाचा आवाज, कुठून आला, काही विचारलं नाही. समोर बसलेल्या माणसाशी वाद घालावा तसा म्हणाला,

"पोळा न्हाई म्हनलो मी. कापूस निघू दे म्हनलो व्हतो."

मामी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. आईने सीडी काढली आणि आम्ही निघालो.

परतताना जीपमध्ये आई खिडकीकडे बघत म्हणाली, "पोळ्यानंतर कापूस निघायला दिवाळी येती. मेल्यावरबी त्याचीच बाजू सावरून राह्यली ती."

दर भाऊबीजेला मामाचा फोन येतो — ताई का येत न्हाई? फोन मी घेते. आई उचलत नाही.